मे महिन्यात महाबळेश्वरला जाताय? मग हे वाचा

मी वाईची, त्यामुळे पाहुणे आले की उन्हाळ्यात महाबळेश्वरची फेरी ठरलेलीच. माझं पहिलं सांगणं: पसरणी घाट सकाळी सातच्या आत चढा. शनिवार-रविवारी तर उशिरा निघूच नका, अर्धा दिवस गाडीतच जातो.

वेण्णा लेकवर गर्दी असते, तिथे गरम कणीस खा नि पुढे निघा. वेळ द्यायचा तो क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरच्या देवळांना. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी दगडी गोमुखातून पडतं. भर मे महिन्यात ओंजळ धरली तरी बोटं गारठतात. माझी आई दरवेळी तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहते.

स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर संपत आलेला असतो. घ्यायचीच तर डबा उलटा करून बघा, तळाची फळं दबलेली असतात. त्यापेक्षा काळीभोर तुती घ्या, मात्र पांढरे कपडे सांभाळा.

परतताना भिलारला थांबा. 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली, कुठल्याही ओसरीवर बसून फुकट वाचा. मुलांना इथे घाई करू नका.