परदेशातली टीम घरी येते तेव्हा: कोल्हापुरातल्या एका पाळकीणबाईंच्या सूचना

परदेशातल्या चर्चकडून थोड्या दिवसांच्या सेवेला येणाऱ्या टीमला तारीख कळवण्याआधी मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, वडील आणि भगिनी मंडळ यांना एकत्र बसवा आणि त्यांना एवढंच विचारा: पाहुणे येणार नसते, तरी हे काम आपण यंदा हाती घेतलंच असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर ते काम टीमला द्या. पाहुण्यांना काहीतरी करायला हवं म्हणून मुद्दाम काढलेलं काम ते गेल्यावर तसंच पडून राहतं. आम्ही मूळचे नगरकडचे. हे इथल्या मंडळीचे पाळक झाले तेव्हापासून अमेरिकेच्या, कोरियाच्या टीम आमच्याकडे उतरतात. हौसेनं, स्वतःच्या सुट्ट्या खर्चून आलेली ही माणसं असतात, आणि त्यांची मला खरोखर माया वाटते. पण काम मंडळीचं आणि टीम हाताखाली, हे पहिल्या पत्रातच स्पष्ट लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

हाताखाली म्हणजे कसं, ते सांगते. बालवाडीची खोली रंगवायची आहे, असं धरा. आपल्याच वस्तीतल्या पेंटर मिस्त्रींना त्या दिवसांची पूर्ण मजुरी ठरवून बोलवायचं आणि टीमला सांगायचं, हे तुमचे मुकादम. मग पाहुण्यांनी पॉलिश पेपरनं भिंती घासायच्या, भोकं बुजवायची, बाकं बाहेर काढायची. लांबी (पुट्टी) कुठं भरायची, प्रायमर किती वाळू द्यायचा, पहिला हात कधी मारायचा, हे मिस्त्री ठरवणार. भाषा येत नसली तरी अडत नाही. मिस्त्री भिंतीवर तळहात फिरवतात, मान हलवतात, आणि समोरचा पुन्हा घासायला लागतो. संध्याकाळी मुलं शाळा बघायला येतात तेव्हा आपल्या ओळखीचा माणूस साहेब लोकांना काम शिकवतोय, हे त्यांना दिसतं. मला ते रंगापेक्षा मोलाचं वाटतं. शिवाय मिस्त्रींची मजुरी बुडत नाही. बाहेरून फुकट हात आले म्हणून गावातल्या गवंड्याची, पेंटरची चार दिवसांची रोजी जाणार असेल, तर ते काम मी टीमला देत नाही.

तारखा देताना जुलै-ऑगस्ट सरळ बाद करा. पंचगंगेला पूर येतो, आणि 2019 ला आणि 2021 ला तर पुणे-बेंगळुरू महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. मार्चमध्ये आपल्या मुलांच्या परीक्षा असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं: हवा चांगली, भाजी ताजी, गुऱ्हाळं चालू. मुंबईत विमानातून उतरल्या उतरल्या लगेच गाडीत बसवू नका. एक रात्र तिथं झोपू द्या, मग दुसऱ्या दिवशी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं येऊ दे. सकाळी स्टेशनवर घ्यायला जाताना सामानासाठी वेगळा टेम्पो न्या. त्यांच्या बॅगा आपल्या अंदाजापेक्षा मोठ्याच निघतात.

कागदपत्रांच्या बाबतीत भिडेपोटी काही चालवून घेऊ नका. परदेशी पाहुणा आपल्याकडे मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. लॉजवाले त्याला सी फॉर्म म्हणतात, पण तो नियम घरालाही लागू आहे. चार घरांत माणसं वाटली तर चारही घरांनी नोंद करायची. म्हणून आम्ही झोपायची सोय एकाच लॉजवर करतो आणि जेवायला मात्र घरोघरी नेतो. पर्यटक व्हिसावर महिनाभरापर्यंतचं बिनमोबदला स्वयंसेवी काम चालतं. धर्मप्रसार मात्र चालत नाही. प्रार्थनास्थळात भाषण करणं, पत्रकं वाटणं हेही त्यातच आलं. तेव्हा रविवारी उपदेश आपल्या पाळकांचाच. टीमनं उपासनेला बसावं, आपल्याबरोबर गावं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन आधी शिकून आले तर फारच छान. टीममध्ये डॉक्टर असतील तर ‘एक छोटं शिबिर घेऊ का?’ असं हमखास विचारतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या परवानगीशिवाय परदेशी डॉक्टरांना इथं रुग्ण तपासता येत नाहीत, हे त्यांना निघण्याआधीच कळवा. इथं आल्यावर नाही म्हणायला जीव कासावीस होतो.

आता स्वयंपाक. निम्मी काळजी इथंच घ्यायची असते. प्रत्येकाला काय चालत नाही, हे महिनाभर आधी मागवून घ्या, आणि शेंगदाण्याबद्दल वेगळं विचारा. तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं असतात आणि त्यात श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. आपल्याकडे कूट कशात नसतं? भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत. मदतीला येणाऱ्या बायकांचा हात सवयीनं कुटाच्या डब्याकडे जातो, त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून असा एक जरी पाहुणा असला तरी टीम जाईपर्यंत कुटाचा डबा आणि शेंगतेल मी स्वयंपाकघरातून बाहेरच काढते. मिक्सरचं भांडंही नवं घेते, कारण जुन्याच्या पात्याखाली कूट बसलेलं असतं. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवते: नाव, आणि पुढं काय द्यायचं नाही ते. पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून आपण बिनधास्त वाढतो, पण त्यात काजू असतात. तेही त्या कागदावर.

पहिले दोन दिवस मुगाची खिचडी, दहीभात, उकडलेली अंडी, केळी. पोट रुळलं की मग मटण. रश्शात कांदा-लसूण चटणी घालायच्या आधी पाहुण्यांपुरतं वेगळ्या पातेल्यात काढून घ्या. नंतर पाणी घालून तिखट कमी होत नाही, नुसती चव जाते. तांबडा रस्सा वाटीत चाखायला ठेवा, ज्याला हवा तो घेईल. भाकरी मात्र सगळ्यांना आवडते, आणि थापायला शिकायचं म्हणून मुली चुलीपाशी येऊन बसतात. बसू द्या. भगिनी मंडळाच्या बायका एरवी पाहुण्यांसमोर अवघडतात, पण भाकरी थापताना त्याच मास्तरीण होतात.

पाणी उकळलेलं किंवा जारचं, दात घासायलाही तेच. गंगावेशीत संध्याकाळी म्हशीची धार समोर काढून देतात, ते बघायला अवश्य न्या, पण ते कच्चं दूध पाहुण्यांना पाजू नका. घरी आणून उकळा, साखर घाला, मग द्या. अमेरिकेचे हेअर ड्रायर आपल्या 230 व्होल्टवर लावू देऊ नका, जळतात.

आपल्या मुलांचा विचार टीमच्या आधी करा. पाहुण्यांसाठी मुलांची खोली काढून घ्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. पाळकांच्या मुलांनी सगळं समजून घ्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते आणि ती बिचारी काही बोलत नाहीत. आमची थोरली टीमला बाजारात नेते, धाकटा उपासनेआधी चपला नीट लावून ठेवतो आणि ‘नमस्कार’ कसा म्हणायचा ते शिकवतो. कामं त्यांनीच निवडलेली. मधली एक संध्याकाळ टीमला लॉजवरच जेवायला सांगा आणि दार लावून आपण चौघं पिठलं-भात खा. यात पाहुणचार कमी पडत नाही. टीमच्या पुढाऱ्याला हे आधीच सांगितलं तर त्यालाही पटतं.

पहिल्या संध्याकाळी फार कार्यक्रम ठेवू नका. चहा, ओळख, आणि इथल्या मंडळीचा इतिहास. आपण नव्या भूमीवर पाऊल ठेवलं असं टीममधल्या तरुणांना वाटत असतं. त्यांना सांगा, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले 1852 साली. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली याच गावात जन्मला. त्यानंच पुढं अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीला तोंड फोडलं: 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले, त्यामागे हा कोल्हापुरात जन्मलेला तरुण होता. एवढं ऐकलं की टीमची बसण्याची रीतच बदलते. मग मंडळीतल्या एखाद्या आजींना बोलू द्या. त्यांच्या आजीनं काय सोसलं, शिक्षण कसं घेतलं, ते त्यांच्याच तोंडून, शेजारी भाषांतराला कुणीतरी बसवून. विश्वास आपल्याकडे कित्येक पिढ्यांचा आहे, आणि पाहुणे तो बघायलाही आलेले आहेत.

फोटोंबद्दल त्याच संध्याकाळी बोला. मुलांचे फोटो आईबापांना विचारून, आणि नाव-पत्ता घालून इंटरनेटवर टाकायचे नाहीत. वस्तीत चॉकलेट, पैसे वाटायचे नाहीत. एकाला मिळालं, दुसऱ्याला नाही, आणि त्यावरून झालेली भांडणं टीम गेल्यावर आपल्या पदरात.

राहिला पैशाचा विषय. लॉज, गाडी, ड्रायव्हरचा भत्ता, किराणा यांची बिलं टीमनं त्या त्या माणसाला परस्पर द्यावीत. शेवटच्या दिवशी कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून मंडळीसाठी पाकीट पुढं करतं. प्रेमानं हात धरा आणि ते परत द्या. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. पाळकाच्या खात्यावर तर अजिबात नको. एखाद्या मुलीचं शिक्षण करायची कुणाची इच्छा असेल, तर नोंदणी असलेल्या संस्थेची माहिती द्या, पण त्या मुलीच्या घरी अजून काही बोलू नका. निघताना पाहुणे बरंच काही कबूल करतात: फोटो पाठवू, पुस्तकं पाठवू, पत्र लिहू. मी ते एका वहीत नावानिशी लिहून ठेवते, महिन्यानं टीमच्या पुढाऱ्याला यादी पाठवते, आणि फोटो आले की छापून ज्याचे त्याच्या घरी नेऊन देते.