आयईएलटीएसच्या निबंधाची सुरुवात: या चुका टाळा

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या क्लासच्या खोलीत तिचे आठवड्याला तीसेक निबंध तपासून होतात. त्यातल्या निम्म्यांचा पहिला परिच्छेद मी न वाचता म्हणून दाखवू शकते. 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड, इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक...' मुलं वेगळी, गावं वेगळी, विषय कधी वाहतुकीचा तर कधी शाळेचा, आणि सुरुवात मात्र तीच. बारा वर्षं हेच लाल पेनाने खोडतेय, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी हिशेब समजून घ्या. रायटिंगच्या पेपरात दोन प्रश्न: टास्क वन म्हणजे आलेखाचं वर्णन किंवा पत्र, आणि टास्क टू म्हणजे हा निबंध. टास्क टू साठी ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. वजन टास्क वनच्या दुप्पट. तपासणी चार निकषांवर होते: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली संगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारींना सारखं महत्त्व. सुरुवात भारदस्त आहे म्हणून वेगळे गुण कुठेच नाहीत. तिथे परीक्षकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: प्रश्न तुम्हाला समजला, आणि तुमचं उत्तर काय आहे. दोन-तीन वाक्यं, चाळीस-पन्नास शब्द. पुरे झालं.

पाठ केलेली सुरुवात

ही चूक सगळ्यात महागात पडते. दिंडोरी तालुक्यातली एक नर्स माझ्याकडे आली तीच मुळी निकाल हातात घेऊन. नऊपैकी बँड, म्हणजे गुण, असे: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ५.५. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाईफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. एका पेपराने तिची वाट अडवली होती. रात्रपाळी संपवून, सकाळच्या एसटीने सीबीएसला उतरून ती एका पंधरा दिवसांच्या क्लासला जायची. तिथे 'कुठल्याही विषयाला चालेल' अशी सुरुवात झेरॉक्सवर मिळाली होती. म्हटलं, लिहून दाखव. तिने न थांबता लिहिली. मोजली तर ६८ शब्द. विषय भरायला मध्ये दोन रिकाम्या जागा, आणि शेवटी 'धिस एसे विल डिस्कस बोथ साईड्स बिफोर रीचिंग अ लॉजिकल कन्क्लूजन'.

तिला आलेला प्रश्न साधारण असा होता: सरकारने उपचारांपेक्षा आजार टाळण्यावर जास्त खर्च करावा, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? दोन्ही बाजू मांडा असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण झेरॉक्सने आधीच शब्द देऊन टाकला होता. मग तिने एक परिच्छेद इकडचा लिहिला, एक तिकडचा, आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत कसंबसं कोंबलं. सुरुवातच भलत्या रस्त्याला लागल्यावर पुढचा सगळा निबंध तिच्या मागोमाग गेला.

मी विचारलं, 'तुला स्वतःला काय वाटतं गं?'

ती लगेच म्हणाली, 'मॅडम, साखर वेळेत तपासली असती ना, तर आमच्या वॉर्डातल्या कितीतरी जणांचे पाय वाचले असते. खर्च आधीच करायला पाहिजे.'

उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि पेपरात त्याचा मागमूस नव्हता. त्याच टेबलावर बसून आम्ही त्याचं इंग्रजी केलं: मी पूर्ण सहमत आहे, कारण मधुमेहासारखे आजार लवकर सापडले तर रुग्णाचे हाल आणि सरकारचा पैसा, दोन्ही वाचतात. साधी क्रियापदं आणि एक 'बिकॉज'. तीन महिने असाच सराव केला. पुढच्या खेपेला रायटिंगमध्ये ७ आले.

परीक्षकाच्या हाताखालून रोज निबंध जातात. घोकलेली भाषा त्याला ओळखू येते आणि तिचं श्रेय तुम्हाला मिळत नाही. 'पंधरा दिवसांत बँड आठ' असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण फी पोरांची जाते आणि नोकरीची तारीखही त्यांचीच हुकते.

माझ्याकडे एकच सवय लावते. प्रश्न वाचला की पेन्सिलने, मराठीत, एका ओळीत उत्तर लिहायचं. परीक्षा कॉम्प्युटरवर असली तरी कच्च्या कामाला कागद मिळतो. ती ओळ होईपर्यंत इंग्रजीला हात लावायचा नाही. मुलं कुरकुरतात, 'मॅडम, दोन मिनिटं जातात.' जाऊ देत.

प्रत्येक शब्द बदलायचा हट्ट

प्रश्न जसाच्या तसा उतरवला तर ते शब्द मोजणीत धरत नाहीत, हे खरं आहे. म्हणून मुलं प्रश्नातला एकेक शब्द बदलायला बसतात. गेल्या महिन्यात एका वहीत 'यंग पीपल'चे 'जुव्हेनाईल्स' झाले होते, आणि ते शिक्षणासाठी शहरात येत होते. अहो, हा शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा अल्पवयीन गुन्हेगारांच्या संदर्भात येतो. निफाडहून कॉलेज रोडला शिकायला येणाऱ्या पोरांना तो कसा लावायचा? त्याच पानावर 'गव्हर्न्मेंट'चं 'रेजीम' आणि 'ओल्ड पीपल'चे 'एन्शंट पीपल'.

मोटारीला मोटारच म्हणा, सरकारला सरकार. वाक्य फिरवा. 'सरकारने रस्त्यांऐवजी रेल्वेवर पैसा खर्च करावा' याचं 'सरकारी पैशातून रस्त्यांच्या आधी रेल्वेचा विचार व्हावा' असं करता येतं, आणि एकही अवघड शब्द लागत नाही. मी प्रश्नाचा कागद पालथा ठेवायला लावते आणि तो शेजारच्याला तोंडी सांगायला लावते. जे तोंडून निघतं, तेच लिहायचं.

आणखी काही

'सिन्स टाईम इम्मेमोरियल' दिसलं की मी पुढचं वाचायच्या आधी खोडते. सुविचारांचंही तेच.

प्रश्न मोबाईलमुळे मुलांची झोप बिघडते का, हा असेल तर मोबाईलचा शोध, त्याचे फायदे, त्याचा प्रसार यात तीन वाक्यं घालवू नका. पहिल्याच वाक्यात झोप यायला हवी.

'डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओन ओपिनियन' यातल्या 'अँड'च्या पुढचं अर्धी मुलं वाचतच नाहीत. मत सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका. फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का, असं विचारलं असेल तर 'दोन्ही आहेत' हे उत्तर होत नाही. कोणतं पारडं जड, ते लिहा. दोन वेगळे प्रश्न असतील तर दोन्हींची उत्तरं हवीत.

निबंधात 'आय' लिहायचं नाही, हे कुणी पसरवलं कोण जाणे. मत तुमचं विचारलंय, बिनधास्त लिहा. 'डोन्ट', 'कान्ट' मात्र पूर्ण लिहा.

वेळेचं माझं गणित असं: पेन्सिलची ओळ धरून सुरुवातीला जास्तीत जास्त आठ मिनिटं. दहावं मिनिट लागलं आणि पहिलाच परिच्छेद चालू असेल, तर आहे तिथे पूर्णविराम द्या आणि पुढच्या परिच्छेदाला लागा.