जुना बूम-ट्रक घेताना सिलिंडरवर मार्करची खूण करा

बूम (ट्रकवरचा वरखाली होणारा लांब हात) झटक्यात वर जातो, म्हणून हायड्रॉलिक, म्हणजे त्याला तेलाच्या दाबाने हलवणारी यंत्रणा, ठीक आहे असं समजू नका. आतली गळती थांबलेल्या बूमवरच कळते.

१. सपाट, टणक जागेवर आउटरिगर (गाडी स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) टेकवा. बूम काही वेळ वरखाली करून तेल गरम करा. थंड, घट्ट तेलात झिजलेलं सील लपतं.
२. बकेट (बूमच्या टोकाचा, माणूस उभा राहतो तो पाळणा) रिकामी ठेवून बूम साधारण ४५ अंशांवर थांबवा. सिलिंडरचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे मार्करने बारीक रेघ मारा. आउटरिगरच्या दांड्यांवरही मारा, ते बहुतेक जण विसरतात.
३. इंजिन बंद करून १५ मिनिटांनी रेघ किती सरकली ते मोजा. पुन्हा १५ मिनिटं थांबा आणि परत मोजा.

तेल निवताना आकसतं, त्यामुळे सुरुवातीचं थोडं सरकणं चालतं. दुसऱ्या वेळीही तितकंच सरकलं, तर पिस्टनचं सील किंवा होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल अडवून दांडा जागेवर धरणारी झडप) गळतोय. आउटरिगरचा दांडा असा सरकत असेल तर दुरुस्तीआधी गाडी घेऊच नका.

किलोमीटर कमी दिसले तरी तासांचं मीटर बघा. अशा गाड्या एका जागी उभ्या राहून काम करतानाच जास्त झिजतात.

चाचणी चालू असताना बकेटमध्ये किंवा बूमखाली कोणीही नको. विजेच्या तारांपासून लांब उभे राहा.