आडवं पळायला शिका: कर्बल स्पेस प्रोग्रॅमचे माझे पहिले दोनशे तास

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये माझं पहिलं ‘यशस्वी’ रॉकेट दोनशे किलोमीटर वर गेलं. खेळातल्या कर्बिन ग्रहाचं वातावरण ७० किलोमीटरला संपतं, म्हणजे अवकाशाची वेस मी केव्हाच ओलांडली होती. इंजिन बंद केलं, खुर्चीत रेललो आणि आता प्रदक्षिणा सुरू होणार म्हणून नकाशा उघडला. निळी रेघ सरळ वर गेली होती आणि जवळपास जिथून निघाली तिथेच परत येऊन टेकली होती. थोड्याच वेळात जेबेदाया, माझा खेळातला अंतराळवीर, यानासकट जमिनीवर आदळला. पॅराशूट मी उड्डाणाच्या वेळीच उघडून बसलो होतो. स्टेजिंगच्या (कुठला भाग कधी चालू होणार त्या क्रमाच्या) रांगेत ते इंजिनाच्या बरोबरीने लागलं होतं आणि माझं लक्षच नव्हतं. उड्डाणाआधी ती उजव्या हाताची रांग खालून वर एकदा वाचायची, ही सवय तेव्हापासूनची.

उंची गाठली म्हणजे कक्षा मिळाली असं नसतं, हे शाळेत वाचलेलं असूनही बोटांना माहीत नव्हतं. कक्षेत राहायचं तर इतकं जोरात आडवं पळायचं की तुम्ही पडत असतानाच खालची जमीन वळून निघून जावी. कर्बिनभोवती ८० किलोमीटरवर हा वेग सेकंदाला साधारण २,२८० मीटर असतो. खऱ्या पृथ्वीला त्याच्या तिपटीहून जास्त लागतो. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, गुरुत्वाकर्षण मात्र आपल्याइतकंच ठेवलंय. एवढी सवलत नसती तर नवशिक्यांनी पहिल्याच आठवड्यात हात टेकले असते.

हा खेळ मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीत फेलिपे फालांगे याच्या कल्पनेतून जन्मला. कंपनीचा मूळ धंदा जाहिरातींचा. पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये लोकांपुढे आली, पूर्ण १.० एप्रिल २०१५ मध्ये. दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला. नवख्याने पहिलाच घ्यावा. सेलमध्ये बराच स्वस्त पडतो, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही, पंख्याचा घरघराट सोडला तर, नीट चालतो.

सुरुवातीला तीन पर्याय दिसतात: सँडबॉक्स, सायन्स आणि करिअर. नाव बघून सगळे करिअरकडे वळतात, मीही वळलो. पण तिथे लाँचपॅड १८ टनांपेक्षा जड रॉकेट घेत नाही, ३० पेक्षा जास्त सुटे भाग जोडू देत नाहीत, आणि मॅन्यूव्हर नोड (पुढचा झटका आधी नकाशावर आखून बघायची सोय) इमारतींवर पैसे खर्च केल्याशिवाय मिळतच नाही. पोहायला शिकताना हात बांधण्यासारखं आहे हे. सँडबॉक्समध्ये उलट पहिल्याच दिवशी शेकडो भाग अंगावर येतात. सायन्स घ्या. पैशांची कटकट नाही आणि सुटे भाग थोडे थोडे उघडत जातात.

आता आडवं पळायचं कसं? सरळ वर जाऊन मग एकदम काटकोनात वळणं हा माझा दुसरा शोध होता, आणि तो इंधन पिणारा होता. उड्डाण झालं, वेग सेकंदाला ६०-७० मीटर झाला की रॉकेटचं नाक पूर्वेकडे पाच-सात अंश झुकवायचं आणि मग त्याला आपल्या वजनाने हळूहळू कलू द्यायचं. साधारण दहा-बारा किलोमीटरवर ते ४५ अंशांत असावं. पूर्वेकडेच का, तर कर्बिन स्वतः त्या दिशेने फिरतोय. विषुववृत्तावरचं लाँचपॅड तुम्हाला सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेग फुकट देतं. रॉकेट कलताना कोलांटी मारायला लागलं तर एकतर तुम्ही घाईने वळवलंय किंवा खाली पंख नाहीत. मग नकाशात बघायचं: एपी, म्हणजे मार्गाचा सगळ्यात उंच बिंदू, ८० किलोमीटरवर गेला की ‘एक्स’ दाबून इंजिन बंद. त्या बिंदूपाशी पोचल्यावर पुढच्या दिशेने पुन्हा इंजिन चालू. समोरच्या बाजूचा पीई, सगळ्यात खालचा बिंदू, जमिनीतून वर येतो, ७० च्या पुढे सरकतो, आणि रेघेचं वर्तुळ होतं. मला हे जमायला अकरा संध्याकाळी लागल्या. त्या रात्री शेजाऱ्यांना वाटलं क्रिकेटमध्ये काहीतरी झालं.

एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकाची उंची बदलतो, ही एकच गोष्ट पक्की झाली की निम्मा खेळ आला. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या बातम्या वाचताना मला त्याचा असा काही आनंद झाला! सुरुवातीची कक्षा साधारण १७० गुणिले ३६,५०० किलोमीटर, मग काही काही दिवसांनी कक्षा ‘उंचावली’. घरात सगळे विचारत होते, सरळ का जात नाहीत? बहुतेक वेळा यान पृथ्वीच्या जवळ, सगळ्यात वेगात असताना इंजिन चालवायचं आणि पलीकडचं टोक आणखी लांब ढकलायचं. वेगात असताना जाळलेलं इंधन जास्त काम करतं. हे मी भांडी घासता घासता समजावून सांगितलं, आणि पहिल्यांदाच कुणी ‘गेम काय खेळतोस’ म्हणालं नाही.

इंधनाचा हिशेब मात्र वहीत करावा लागतो. त्याचं नाणं डेल्टा-व्ही, म्हणजे एकूण किती वेगबदल खिशात आहे ते. कर्बिनच्या कक्षेत पोचायला सेकंदाला सुमारे ३,४०० मीटर खर्च होतात. त्याचं सूत्र रशियाच्या त्सिओल्कोवस्कीने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. माझं चंद्रयान घ्या. एकखणी कॅप्सूल, पॅराशूट, मधली टाकी आणि टेरियर इंजिन: भरलेलं ३.६९ टन, रिकामं १.६९. हिशेबाने साधारण २,६४० मीटर. टाकी दुप्पट केली तर ५,२८० नाही होत, ३,७९० च्या आसपास होतात, कारण दुसरी टाकी आधी पहिलीलाच उचलायला लागते. उतरण्यासाठी पाय, बॅटऱ्या, थर्मामीटर असे दोनशे किलो चढवले, तर त्यांनी दोनशे मीटर खाल्ले. त्यामुळे रॉकेट लहान पडलं की खाली टाक्या लावायच्या आधी वर काय काढता येईल ते बघा.

कर्बिनला दोन चंद्र आहेत. मून १२,००० किलोमीटरवर, मिनमस ४७,००० वर. सगळे जवळच्याकडे धावतात. पण कक्षेतून मूनवर जाऊन यायला, काही न चुकता, साधारण २,६४० लागतात आणि मिनमसला १,६०० च्या घरात. मूनची ओढ जास्त, त्यामुळे उतरणं-चढणं महाग. मिनमसची ओढ कर्बिनच्या एक विसांश, त्यात मोठमोठी सपाट मैदानं. तिथे यान ठेवावं तसं ठेवता येतं. अडचण एवढीच की त्याची कक्षा सहा अंश तिरकी आहे, आधी आपली पातळी जुळवावी लागते. माझं ऐका, आधी मिनमसला जा.

मी अर्थातच आधी मूनला गेलो. जाणं सोपं असतं: कक्षेत फिरताना मून क्षितिजावर उगवला की पुढच्या दिशेने झटका. उतरताना मात्र घाबरून वीस किलोमीटरवरच थांबलो आणि मग इंजिन धुमसत ठेवत तरंगत खाली आलो. ५८० मध्ये व्हायचं काम ९०० वर गेलं. उतरलो एकदम अलगद, पण परतीचं इंधन संपलं होतं. एफ५ दाबून आधीची अवस्था जपून ठेवता येते, हे मला माहीत होतं आणि मी दाबलंही होतं. फक्त माझ्या लॅपटॉपवर एफएन न धरता एफ५ दाबलं की पडद्याचा उजेड वाढतो. पूर्ण प्रवासात उजेडच वाढत होता.

मूनवर अडकलेल्या जेबेदायाच्या सुटकेसाठी आधी कक्षेत दोन यानं जवळ आणायचा सराव केला. हा सराव सगळ्यांत जास्त छळतो, कारण रस्त्यावरची अक्कल इथे उलटी पडते. पुढच्याला गाठायला वेग वाढवला की तुमची कक्षा उंच होते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि तुम्ही मागे पडता. गाठायचं असेल तर वेग कमी करून खालच्या, छोट्या फेरीत शिरायचं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ चा जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे नाक करून इंजिन चालवत राहिला आणि जवळपास निम्मं इंधन संपलं तरी पोचू शकला नाही. खऱ्या अंतराळवीराचीही हीच चूक झाली म्हटल्यावर मला धीर आला. जवळ आल्यावर नॅव्हबॉलवरचा (पडद्यावरच्या दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावरचा) वेग ‘टार्गेट’वर ठेवा, आधी तो शून्य करा, मग सरका. सगळं आपोआप करणारे मॉड (खेळाला वरून जोडायच्या सोयी) मिळतात. चार वेळा हाताने जोडणी केल्याशिवाय ते बसवू नका.

मग दुसऱ्या अंतराळवीराला, व्हॅलेंटिनाला, नवीन यान देऊन पाठवलं. या वेळी मी उशिरापर्यंत पडू दिलं, शेवटी जोरात ब्रेक मारला आणि जेबेदायापासून नऊ किलोमीटरवर उतरलो, बरंच इंधन राखून. जेटपॅकने उडत जेबेदाया तिच्या दाराशी आला. मी ‘बोर्ड’ दाबलं. आत एकच खुर्ची होती आणि तीवर व्हॅलेंटिना बसली होती.

तिसरं यान माणसाशिवाय, नुसत्या प्रोबच्या मेंदूवर आणि दोन रिकाम्या खुर्च्यांसह गेलं. स्टेजिंगची रांग मी तीनदा वाचली होती. एफ५ एफएन धरून.