आईचं श्रवणयंत्र दुपारनंतर बंद का पडायचं

आईचं कानामागचं श्रवणयंत्र दुपारनंतर अचानक मुकं व्हायचं आणि सकाळी पुन्हा नीट चालायचं. मला आधी बॅटरीचा संशय आला. झिंक-एअर बॅटरी हवेतल्या ऑक्सिजनवर चालते, म्हणून नवीचं स्टिकर काढून दोनेक मिनिटं थांबलो आणि मगच बसवली. तरी तेच.

शेवटी उजेडात धरून पाहिलं, तर कानात बसणाऱ्या, कानाच्या मापाच्या साच्याच्या पारदर्शक नळीत पाण्याचा बारीक थेंब! कानातली उबदार, दमट हवा नळीत थंड होते, तिचं पाणी होतं आणि आवाजाची वाटच अडते. आईला मी उगाच ‘तू नीट लावत नाहीस’ म्हणत होतो, त्याचं फार वाईट वाटलं.

साचा नळीसकट यंत्राच्या हुकापासून अलगद वेगळा केला आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारून थेंब काढला. तोंडाने फुंकू नका, श्वासातही ओल असते. हेअर ड्रायर तर नकोच. आता रात्री बॅटरी काढून यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो. नळी कडक, पिवळी पडली होती, ती श्रवणतज्ज्ञांकडून बदलून घेतली.

काल संध्याकाळी आईने मागच्या खोलीतून माझ्या पहिल्याच हाकेला ओ दिली.