मेरिलँड १९०४ आणि निकालाचे तक्ते: या चुका टाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांत एखाद्या राज्याने कसे मतदान केले, यावर मराठीत लिहिलेले मजकूर गेली अनेक वर्षे माझ्याकडे तपासायला येतात. लिहिणारे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांना निकालाचा एक तक्ता मिळतो, त्यातील सर्वांत मोठा आकडा कोणाचा हे ते पाहतात आणि राज्य त्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. आजच्या निवडणुकीसाठी हे बहुतांशी चालून जाते, पण १९०४ ते १९१६ या काळासाठी चालत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे, ज्याला राज्यात जास्त मते मिळाली त्याला तेथील सगळे निर्वाचक (म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यातून निवडले जाणारे प्रतिनिधी) मिळाले असे गृहीत धरणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही छापून. एका दिवाळी अंकासाठी १९०४ च्या निवडणुकीचा राज्यवार तक्ता तयार करायचा होता. मेरिलँडच्या ओळीत रिपब्लिकन उमेदवार थिओडोर रूझवेल्ट यांची मते १,०९,४९७ होती आणि डेमोक्रॅटिक उमेदवार ऑल्टन पार्कर यांची १,०९,४४६. म्हणजे रूझवेल्ट अवघ्या ५१ मतांनी पुढे होते. पुढच्या रकान्यात मात्र निर्वाचक मते रूझवेल्ट १ आणि पार्कर ७ अशी दिली होती. हा मुद्रणदोष आहे याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. मी मोठ्या आत्मविश्वासाने आठही मते रूझवेल्ट यांच्या नावावर लिहिली, खाली बेरीज करून पाहिली, ती ४७६ भरली, आणि देशातील एकूण निर्वाचकही ४७६ च असल्यामुळे पाने निर्धास्तपणे छपाईला पाठवली.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती: ‘रूझवेल्ट यांना ३३६ मते मिळाली होती, आपल्या तक्त्यात ती ३४३ कशी?’ त्या एका ओळीने मला जे शिकवले ते आधीच्या सगळ्या वाचनाने शिकवले नव्हते. सात मते एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात टाकली, तर एकूण बेरीज जशीच्या तशी राहते. ३४३ आणि १३३ मिळूनही ४७६ च होतात. एकूण जुळते म्हणून तक्ता बरोबर, असे समजणे हा आळशी माणसाचा हिशेब आहे. तेव्हापासून मी प्रत्येक उमेदवाराची बेरीज स्वतंत्रपणे, पेन्सिलीने, समासात करतो. संगणकावर हेच काम क्षणात होते हे मला ठाऊक आहे, पण हाताने आकडे उतरवताना विचित्र आकडा डोळ्यांत खुपतो, आणि मला नेमके तेच हवे असते.

मेरिलँडमध्ये घडले ते असे. तेव्हाचा मतदार मतपत्रिकेवर रूझवेल्ट किंवा पार्कर यांना मत देत नव्हता. तो त्यांच्या बाजूच्या आठ निर्वाचकांना एकेक करून मत देत होता आणि प्रत्येक नावापुढे वेगळी खूण करावी लागत होती. काही मतदार पहिल्याच नावापुढे खूण करून थांबत, तर काही मध्येच एखादे नाव गाळत. त्यामुळे एकाच पक्षाच्या आठ निर्वाचकांना आठ वेगवेगळे आकडे मिळत, आणि सर्वाधिक मते मिळवणारे आठ जण, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, निवडून येत. आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल फुटते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. रिपब्लिकनांपैकी एकटे चार्ल्स बोनापार्ट निवडून आले, तेही सर्वांत वरच्या मतांनी. हे बोनापार्ट म्हणजे नेपोलियनच्या धाकट्या भावाचे नातू. पुढे ते रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात आधी नौदलमंत्री आणि नंतर महाधिवक्ता झाले. तक्त्यातील १,०९,४९७ ही मते वस्तुतः त्यांची आहेत, कारण पक्षाच्या सर्वाधिक मते मिळवणाऱ्या निर्वाचकाचा आकडा उमेदवाराच्या नावावर लिहिण्याची पद्धत आहे.

मतपत्रिका इतकी किचकट असण्यामागे निव्वळ योगायोग नव्हता. १९०१ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने मतपत्रिकेवरील पक्षचिन्हे काढून टाकली आणि निरक्षर मतदाराला मतदानकेंद्रात मिळणारी मदत बंद केली. त्याचा मुख्य रोख रिपब्लिकनांना मते देणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांवर होता. हे माहीत असलेला माणूस ‘१ आणि ७’ हा आकडा पाहून त्याला मुद्रणदोष म्हणणार नाही. चार वर्षांनी, १९०८ मध्ये, याच राज्यात रिपब्लिकन उमेदवार टाफ्ट ६०५ मतांनी पुढे राहिले आणि निर्वाचक मात्र डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यांना सहा व टाफ्ट यांना दोन मिळाले. एकदा पोळल्यामुळे तो तक्ता करताना मी आकड्याला हात लावला नाही.

दुसरी चूक कॅलिफोर्नियाच्या १९१२ च्या निकालाबाबत हटकून होते. त्या वर्षी रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून प्रोग्रेसिव्ह पक्षाचे उमेदवार झाले होते, टाफ्ट हे विद्यमान अध्यक्ष रिपब्लिकन उमेदवार होते आणि वुड्रो विल्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे. कॅलिफोर्नियात रूझवेल्ट यांना २,८३,६१० आणि विल्सन यांना २,८३,४३६ मते मिळाली; समाजवादी डेब्स यांना ७९,२०१ आणि अध्यक्षपदावर बसलेल्या टाफ्ट यांना फक्त ३,९१४. एवढे पाहून ‘कॅलिफोर्नियाच्या जनतेने टाफ्ट यांना सपशेल नाकारले’ असे वाक्य लिहिण्याचा मोह अनावर होतो, आणि मी ते वाक्य किमान दहा मजकुरांतून खोडले असेल. टाफ्ट यांचे नाव तेथील मतपत्रिकेवर नव्हतेच. राज्यातील रिपब्लिकन पक्षाची यंत्रणा गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या हाती होती, आणि तेच रूझवेल्ट यांच्या जोडीने उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. टाफ्ट यांच्या नावावरची मते ज्यांनी हाताने नावे लिहून दिली त्यांची आहेत, आणि तसे पाहिले तर ती कमी नसून चिकाटीची म्हणायला हवीत. म्हणून टक्केवारीवर एक शब्दही लिहिण्याआधी मतपत्रिकेवर कोणाकोणाची नावे होती, याची यादी मी कागदावर करतो. या कामाला दहा मिनिटे लागतात. नवशिक्यांना नेमकी तीच दहा मिनिटे जड जातात. जाता जाता, १७४ मतांच्या या आघाडीतही निर्वाचक फुटलेच: रूझवेल्ट ११, विल्सन २.

टक्केवारीचीच आणखी एक खोड आहे. साउथ कॅरोलिनाने १९१२ मध्ये विल्सन यांना जवळपास ९६ टक्के मते दिली, हे वाक्य खरे आहे आणि तरीही फसवे आहे. पंधरा लाखांहून अधिक वस्तीच्या त्या राज्यात एकूण मतदान जेमतेम पन्नास हजारांचे झाले होते. निम्म्याहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि १८९५ च्या राज्यघटनेने साक्षरतेच्या व कराच्या अटी घालून तिला मतदानापासून दूर ठेवले होते. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात, जेथे स्त्रियांनाही मताधिकार होता, वस्ती साडेअकरा लाखांच्या आत असूनही मतदान तीन लाखांच्या वर गेले. निर्वाचक मात्र साउथ कॅरोलिनाचे नऊ आणि वॉशिंग्टनचे सात. ‘राज्याने’ मत दिले असे लिहिताना राज्यातील किती माणसांनी, हे त्याच वाक्यात आलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

उरलेल्या चुकांसाठी प्रत्येकी एखादे वाक्य पुरेसे आहे. नकाशात लाल म्हणजे रिपब्लिकन हे आजचे वळण २००० सालच्या निवडणुकीनंतर रुळले. काही संदर्भ-नकाशांत डेमोक्रॅटिक राज्ये लाल असतात, तेव्हा आधी सूची वाचावी. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांनी अध्यक्षीय निवडणुकीत प्रथम मतदान केले ते १९१२ मध्ये, त्यामुळे १९०८ च्या तक्त्यात त्यांना शोधत बसू नये. राज्याच्या निर्वाचकांची आजची संख्या जुन्या निवडणुकीला लावू नये. कॅलिफोर्नियाचे १९१२ मध्ये तेराच होते.

१९१६ विषयी लिहिणाऱ्यांना एका गोष्टीचे भलतेच वेड असते. विल्सन यांच्याविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार चार्ल्स इव्हान्स ह्यूज आणि हायरम जॉन्सन कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या एकाच हॉटेलात होते, त्यांची भेट झाली नाही, जॉन्सन दुखावले आणि ह्यूज यांनी कॅलिफोर्नियासह देश गमावला, अशी ती गोष्ट. भेट झाली नाही हे खरे आहे, आणि ह्यूज तेथे सुमारे ३,८०० मतांनी हरले असताना जॉन्सन सिनेटवर प्रचंड मताधिक्याने गेले हेही खरे आहे. पण दहा लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात ३,८०० मते कोणत्याही एका कारणाच्या पदरात टाकता येतात; म्हणूनच ती एकाच्या पदरात टाकू नयेत.

गेल्या महिन्यात एका उत्साही तरुणाने १९१६ चा तक्ता पाठवला. सोबतच्या पत्रात त्याने एकूण बेरीज ५३१ जुळत असल्याचे अधोरेखित केले होते. मी समासात पेन्सिलीने दोन्ही रकाने वेगळे मांडले: विल्सन २७६, ह्यूज २५५. खरे आकडे २७७ आणि २५४ आहेत. एक निर्वाचक इकडचा तिकडे गेला होता. कपाटातून एक जुने पोस्टकार्ड काढले आणि त्यावर एवढेच लिहिले: ‘वेस्ट व्हर्जिनियाची ओळ पुन्हा पाहा. तेथे ह्यूज यांना आठ नव्हे, सात मिळाले होते.’