वजनकाट्याचा सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणताना

आरएस-२३२ केबल (सिरियल पोर्टची, म्हणजे डेटा एकामागून एक बिटने पाठवणाऱ्या जोडणीची तार) साधारण १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. म्हणूनच वजनकाट्याचे इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारे उपकरण) एका टोकाला आणि हिशेबाचा संगणक दूरच्या कार्यालयात असेल, तर मध्ये मॉक्साच्या एनपोर्ट ५११० सारखा, सिरियल डेटा नेटवर्कवर नेणारा कन्व्हर्टर बसवला जातो.

काम सुरू करण्यापूर्वी नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून मोकळा आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि गेटवे लिहून घ्यावा. हा अ‍ॅड्रेस राउटरच्या डीएचसीपी पूलबाहेरचा (राउटर आपोआप वाटतो त्या यादीबाहेरचा) असणे आवश्यक आहे. अन्यथा राउटर तोच अ‍ॅड्रेस एखाद्या मोबाइलला देईल आणि काटा अधूनमधून का बंद पडतो याचा उलगडा होणार नाही.

या कन्व्हर्टरचा मूळ अ‍ॅड्रेस १९२.१६८.१२७.२५४ असतो. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून त्याला १९२.१६८.१२७.१० हा अ‍ॅड्रेस आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा, लॅन केबल थेट जोडावी आणि ब्राउझरमध्ये मूळ अ‍ॅड्रेस उघडावा. पूर्वी कोणी अ‍ॅड्रेस बदललेला असल्यास मॉक्साच्या शोध-सॉफ्टवेअरने उपकरण सापडते. पासवर्ड लगेच बदलावा.

नेटवर्क सेटिंगमध्ये नवा अ‍ॅड्रेस भरून पद्धत ‘स्टॅटिक’ ठेवावी. सिरियल सेटिंगमधील बॉड रेट (डेटाचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा बिट) आणि स्टॉप बिट इंडिकेटरशी तंतोतंत जुळले पाहिजेत. जोडणी होते, पण अक्षरे विचित्र दिसतात, अशा वेळी नेटवर्क तपासत बसू नये, दोष बहुधा इथेच असतो. केबल तीनच तारांची असेल, तर फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्याचे-सोडण्याचे संकेत) ‘नन’ करावा.

जुने सॉफ्टवेअर फक्त कॉम पोर्ट (संगणकाचा सिरियल पोर्ट) ओळखत असेल, तर ‘रिअल कॉम’ मोड निवडून संगणकावर त्याचा ड्रायव्हर बसवावा; सॉफ्टवेअर स्वतः आयपीवर जोडणी करत असेल, तर ‘टीसीपी सर्व्हर’ मोड आणि ४००१ हा पोर्ट पुरेसा आहे. या मोडमधील ‘टीसीपी अलाइव्ह चेक टाइम’कडे (जोडणी अजून जिवंत आहे का, हे तपासण्याच्या वेळेकडे) बहुतेकांचे दुर्लक्ष होते. संगणकाची वीज अचानक गेली, तरी कन्व्हर्टर जुनी जोडणी जिवंतच समजतो, आणि एकाच जोडणीची मुभा असल्यास संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यालाच नकार मिळतो. मूळ मूल्य ७ मिनिटांचे असते. दारात गाड्यांची रांग असताना ते फार वाटते, म्हणून ते १ मिनिटावर आणणे योग्य ठरते. शून्य मात्र ठेवू नये, कारण त्याने ही तपासणीच बंद होते.

‘सेव्ह-रीस्टार्ट’ केल्याशिवाय बदल लागू होत नाहीत. त्यानंतर लॅपटॉपला कार्यालयाच्या नेटवर्कवर घेऊन नव्या अ‍ॅड्रेसवर पिंग करावे (उपकरण उत्तर देते का ते पाहावे) आणि टेलनेटने (पोर्टला थेट जोडून मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) ४००१ वर वजनाचे आकडे येतात का ते पाहावे. तपासणी झाल्यावर टेलनेट बंद करण्यास विसरू नये, नाहीतर एकुलती एक जोडणी तेच अडवून ठेवील. ठरावीक संगणकांनाच प्रवेश देणारी ‘अ‍ॅक्सेसिबल आयपी’ यादी सर्वांत शेवटी भरावी आणि तिच्यात पहिला अ‍ॅड्रेस आपल्याच संगणकाचा घालावा.